झाकोळातले खून : ब्रिटिश आणि वेल्श पोलीस मालिका

माजघर (धागाकर्ती)

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दीड महिना घरात अडकले होते. बाहेर सावंतवाडीचा जुलै, म्हणजे पत्र्यावर दिवसरात्र ताशे. त्या दीड महिन्यात मी इतके ब्रिटिश खून पाहिलेत, की आता कोणी चहाचा कप हातात धरून खिडकीबाहेर बघत गप्प बसलं तरी मला संशय येतो.

आधीच सांगते, खुनी कोण ते इथे कोणी लिहायचं नाही. लिहिलंत तर पुढचा खून कोणाचा ते ठरलेलं आहे.

सुरुवात झाली 'हिंटरलँड'ने. वेल्समधलं अबेरिस्टविथ हे समुद्राकाठचं लहान शहर आणि त्याच्या मागचा डोंगराळ, मेंढ्यांचा, ओसाड मुलूख. लंडनहून आलेला टॉम मथायस हा तपास अधिकारी (रिचर्ड हॅरिंग्टन) कड्यावरच्या एका कॅरव्हॅनमध्ये एकटा राहतो, सकाळी धावतो आणि फारसं बोलत नाही. बोलण्याचं काम त्याची सहकारी मारेड ऱ्हीस (माली हॅरिस) करते, कारण ती तिथलीच आहे. पहिली गोष्ट डेव्हिल्स ब्रिजची. तिथे घळईवर एकावर एक असे तीन पूल आहेत, वेगवेगळ्या काळात बांधलेले, जुना न पाडता त्याच्याच डोक्यावर नवा. मला ते दृश्य म्हणजे अख्ख्या मालिकेची किल्ली वाटली. त्या घळईत मृतदेह सापडतो आणि तपास जातो एका बंद पडलेल्या अनाथाश्रमापर्यंत. ही गोष्ट संपली असं वाटतं, पण तिसऱ्या पर्वात ती परत वर येते.

मूळ वेल्श नाव 'अ ग्विल'. अर्थ विचाराल तर दिवस मावळल्यानंतरचा अंधार. तिन्हीसांज म्हटलं तर फार सोज्वळ होतं, त्यात दिवा लावल्याचा वास येतो. आपला 'झाकोळ' बरोबर बसतो.

आता माझं म्हणणं. ज्याला आपण रहस्यमालिका म्हणतो त्यात प्रश्न असतो, खून कोणी केला. या वेल्श मालिकांत प्रश्न असतो, गावाला कधीपासून माहीत होतं. खुनी बाहेरून आलेला नसतोच. दुकानदारीणबाईंना थोडं माहीत असतं, पाद्र्याला थोडं, मेंढपाळाला थोडं, आणि कोणीही आपला तुकडा दुसऱ्याच्या तुकड्याला जोडत नाही. तपास म्हणजे फक्त ते तुकडे गोळा करणं. म्हणून तो संथ आहे. तो संथ नसता तर खोटा वाटला असता.

'क्राइथ' (इंग्रजीत 'हिडन') तर याच्याही पुढे जाते. अर्थ व्रण. उत्तर वेल्स, स्नोडोनियाचे डोंगर, स्लेटच्या खाणी. शाळेत आपण ज्या पाटीवर गिरवलं, त्या दगडाचे हे उपसलेले डोंगर. इथे मुलीला कोणी कोंडून ठेवलंय ते सुरुवातीलाच दाखवून टाकलंय. पोलिसांना माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. तरी मी एका रात्रीत तीन भाग पाहिले, कारण रहस्य 'कोण' हे नव्हतंच, 'हा माणूस असा कसा झाला' हे होतं. त्या माणसाची आई बघा. मी अजून तिच्यावर चिडून आहे. तपास करणारी कॅडी जॉन आजारी बापासाठी गावी परत आलीये आणि बाप स्वतः निवृत्त पोलीस. संध्याकाळी तो तिला विचारतो, आज काय झालं. त्या दोन मिनिटांत पटकथाकाराने जे केलंय त्यासाठी आपल्या मालिका दोनशे भाग घेतात.

'कीपिंग फेथ' मात्र मला निम्मीच आवडली. बुधवारी सकाळी नवरा घराबाहेर पडतो आणि नाहीसा होतो. मूळ वेल्श नावाचा अर्थच 'एका बुधवारी सकाळी'. इव्ह माइल्स आणि तिचा तो पिवळा रेनकोट, अप्रतिम. पण पुढे गुन्हेगारी टोळ्या आल्या आणि भिजत घोंगडं झालं. तिसऱ्या पर्वापर्यंत मी केवळ लार्नच्या खाडीसाठी बघत होते.

इंग्लंडमधल्यांबद्दल प्रतिसादांत लिहीन. एवढंच नोंदवते: 'हॅपी व्हॅली' सर्वांत वर, 'लाइन ऑफ ड्यूटी'ने शेवटी केसाने गळा कापला, आणि 'मिडसमर मर्डर्स' मी इस्त्री करताना लावते.

बोला.

---

भिडू_चिंचपोकळी

ताई, लेख छान, पण मालिका कंटाळवाणी! मी हिंटरलँडचे दोन भाग पाहिले. दीड दीड तासाचा एक भाग. माणूस गाडीतून उतरतो, डोंगर बघतो, उसासा टाकतो, परत गाडीत बसतो. पेट्रोलचा खर्च कोण देतं? आणि अख्ख्या जिल्ह्यात पोलीस किती, तर पाच. त्या गावात गर्दी म्हणजे मेंढ्या.

आपल्याला बुवा 'इन्स्पेक्टर मोर्स' आवडतो. ऑक्सफर्ड, लाल जग्वार, बिअर, शब्दकोडं. १९८७ ते २००० मध्ये फक्त ३३ भाग, एकही फुकट नाही. त्याच्या शीर्षकसंगीतात संगीतकाराने मोर्स कोडमध्ये 'मोर्स' हेच नाव वाजवलंय, हे कळल्यावर मी रात्री दोन वाजता कानाला हेडफोन लावून कडकट्ट मोजत होतो. बायको म्हणाली, डॉक्टरांना दाखवू या का.

---

स्वान्सीकर

चौदा वर्षं इथे इस्पितळात नोकरी करतोय, त्यामुळे थोडं बोलायचा हक्क आहे असं धरून चालतो.

माजघर, 'अ ग्विल'मधलं शेवटचं अक्षर 'ल' नाही. वेल्शमध्ये दोन एल एकत्र आले की जिभेचं टोक 'ल' म्हणताना असतं तिथेच ठेवायचं आणि आवाज न काढता कडेने हवा सोडायची. मांजर फिस्कारल्यासारखं. देवनागरीत ते लिहिता येत नाही, तुम्ही चुकीचं लिहिलंत असं नाही. उलट 'ऱ्हीस' अगदी झकास लिहिलंत. इंग्रज तिथे नुसता 'र' म्हणतात. आपल्याकडे कुऱ्हाड, गुऱ्हाळ आहे म्हणून आपण त्यांच्यापेक्षा पुष्कळ जवळ जातो. माझी एक सहकारी म्हणाली, तुला हे कसं येतं? मी म्हटलं, आम्ही उसाचा रस काढतो.

बाकी खरं अबेरिस्टविथ म्हणजे विद्यार्थ्यांचं गाव. विद्यापीठ आहे, टेकडीवर वेल्सचं राष्ट्रीय ग्रंथालय आहे, समुद्राकाठी लांबलचक फरसबंद रस्ता आहे, आणि त्याच्या टोकाला पोहोचलं की तिथल्या लोखंडी कठड्याला लाथ मारून परत फिरायचं अशी प्रथा. मीही मारली. मालिकेत हे काहीच दिसत नाही. मालिकावाल्यांनी हिवाळा घेतला, माणसं काढून टाकली आणि आभाळ ठेवलं. तिथली माणसं हसतात यावर. पण मालिका बघून गाव बघायला पर्यटक यायला लागल्यावर कोणी तक्रार केली नाही.

पोलिसांच्या गाडीवर इथे दोन शब्द असतात, एक 'पोलीस' आणि दुसरा 'हेद्ली'. हेद म्हणजे शांती, पुढचा भाग म्हणजे फौज. शांतिसेना! मला पावती दिली तेव्हा तसं वाटलं नाही.

---

माजघर

@स्वान्सीकर, गुऱ्हाळावरून दंडवत घ्या :)

एक विचारायचं होतं. मी पाहिली ती बरीचशी इंग्रजी, मधूनच वेल्श अशी आवृत्ती. मूळ वेल्श आवृत्ती वेगळी आहे म्हणतात ते काय? डब केलेली आहे का?

---

स्वान्सीकर

डब नाही. तीच तर गंमत. प्रत्येक प्रसंग दोनदा चित्रित केलाय, एकदा वेल्शमध्ये, एकदा इंग्रजीत. तोच नट, तोच कॅमेरा, तोच पाऊस (पाऊस इथे थांबतच नाही, त्यामुळे सलगतेचा प्रश्न नाही). वेल्श आवृत्ती ऑक्टोबर २०१३ मध्ये एस-फोर-सी या वेल्श वाहिनीवर लागली, इंग्रजी-वेल्श मिश्र आवृत्ती जानेवारी २०१४ मध्ये बीबीसी वेल्सवर. कारण सरळ आहे, पैसा. २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार, म्हणजे वेल्समध्येसुद्धा १७.८ टक्के. तेवढ्या प्रेक्षकांवर असला खर्च निघत नाही, इंग्रजी आवृत्ती जगभर विकून तो भरून काढायचा. डॅनिश वाहिनीने तर ही मालिका इथे लागायच्या आधीच घेतली होती. ज्यांच्या मालिका बघून हे लोक शिकले, त्यांनीच.

दोन्ही पाहिल्या आहेत म्हणून सांगतो: वेल्श आवृत्तीत मथायस कमी परका वाटतो. इंग्रजीत तो गप्प असतो तेव्हा वाटतं याच्या मनात काहीतरी आहे. वेल्शमध्ये गप्प असतो तेव्हा वाटतं, हा तिथलाच आहे, बोलायचं काय त्यात.

आणि ती वाहिनी काही आपोआप मिळालेली नाही. १९७९ मध्ये निवडून आलेल्या थॅचरबाईंच्या सरकारने वेल्श वाहिनीचं आश्वासन फिरवलं. तेव्हा ग्विनव्हर एव्हन्स या वेल्श राष्ट्रवादी पक्षाच्या नेत्याने १९८० मध्ये जाहीर केलं की मी आमरण उपोषणाला बसतो. सरकारने माघार घेतली आणि १ नोव्हेंबर १९८२ ला वाहिनी सुरू झाली. वेल्शमध्ये खून बघायला मिळावेत म्हणून अहिंसक उपोषणाची धमकी, असा हा इतिहास आहे.

---

तिकीटबारी

दोनदा चित्रीकरण वाचून राहवलं नाही. हे आपल्याकडे प्रभातने तीसच्या दशकात केलेलं आहे. १९३७ चा 'कुंकू' आणि हिंदी 'दुनिया न माने' शेजारी शेजारी चित्रित झालेत, दोन्हीत शांता आपटे, दोन्हीत केशवराव दाते. १९४१ च्या 'शेजारी'ला हिंदी 'पडोसी' करताना मात्र एक म्हातारा बदलला. मराठीत केशवराव, हिंदीत मझहर खान. जोडीचा दुसरा म्हातारा जागीरदारच. दोन्ही लागोपाठ बघितलं की कळतं, संवाद तेच असले तरी माणसाची उभं राहण्याची ढब भाषेबरोबर बदलते. स्वान्सीकर जे मथायसबद्दल म्हणताहेत ते मला पूर्ण पटतं.

कारणही तेच होतं हो. मराठीचा बाजार लहान, हिंदीचा मोठा.

---

निशिगंधा

+१ माजघर, हॅपी व्हॅलीबद्दल. पण तुम्ही एका ओळीत गुंडाळलंत, हा अन्याय आहे.

वेस्ट यॉर्कशरमधली कॅल्डर नदीची खोरी, जुन्या गिरण्यांची गावं, आणि कॅथरिन कॉवुड ही गणवेशातली सार्जंट. लक्षात घ्या, ती डिटेक्टिव्ह नाही. कोटाची कॉलर वर करून विचारात बुडण्याची चैन तिला नाही. दारुडे आवरायचे, भांडणं सोडवायची, घरी जाऊन नातवाला जेवायला घालायचं. सारा लँकशर ज्या थकव्याने खुर्चीत बसते, तसा थकवा मी माझ्या आईत पाहिलाय. ती परळच्या एका इस्पितळात परिचारिका होती.

पहिल्या पर्वाचा सगळा गुन्हा कशावरून सुरू होतो? एका हिशेबनिसाला पगारवाढ नाकारली जाते. एवढंच. तो रागाच्या भरात मालकाच्या मुलीला पळवायची कल्पना भलत्या माणसाला बोलून दाखवतो आणि मग ते त्याच्या हातात राहत नाही. क्रूर राक्षस दाखवणं सोपं, पगारवाढ न मिळालेला भित्रा माणूस दाखवणं अवघड.

आणि सॅली वेनराइटचा संयम बघा. २०१४, २०१६, आणि मग थेट २०२३. का? नातवाचं काम करणारा मुलगा मोठा व्हायला हवा होता. दुसरा मुलगा घेतला असता तर काय बिघडलं असतं? सगळं बिघडलं असतं.

बायकांचाच विषय निघालाय तर 'प्राइम सस्पेक्ट' विसरू नका. १९९१. हेलन मिरेनची जेन टेनिसन वरिष्ठ म्हणून येते आणि खोलीतला एकेक पुरुष तिच्याकडे असा बघतो जणू तिने त्याची खुर्ची चोरलीये. 'व्हेरा'मधली व्हेरा असो नाहीतर कॅडी जॉन, ती वाट टेनिसनने पाडली.

---

भिडू_चिंचपोकळी

व्हेराला मी पण मानतो. ती टोपी, तो चुरगळलेला कोट, संशयिताला 'बाळा' म्हणत म्हणत कोपऱ्यात घेणं. २०११ पासून २०२५ पर्यंत ब्रेंडा ब्लेथिनने ते केलं, आणि सुरू केलं तेव्हाच तिची साठी उलटलेली होती. आमच्याकडे साठीनंतर नटीला फक्त देवघरात बसवतात.

---

काळा_कोट

सातारच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो. या मालिका मी धंद्याच्या नजरेने बघतो, त्यामुळे घरचे माझ्याबरोबर बसत नाहीत.

एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली का? ब्रिटिश मालिकेचा कळस नेहमी एका खोलीत असतो. टेबल, रेकॉर्डिंगचं यंत्र, आरोपी, शेजारी त्याचा वकील, समोर दोन पोलीस. पाठलाग नाही, गोळीबार नाही. 'लाइन ऑफ ड्यूटी'त तर अशी एकेक चौकशी वीस वीस मिनिटं चालते आणि पापणी लवत नाही.

आपल्याकडे हे का जमत नाही? लेखक कमी पडतात म्हणून नाही. कायदा वेगळा आहे म्हणून. आपल्याकडे पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतच नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमात कलम २३. म्हणजे ठाण्यात आरोपी रडून सगळं बोलला तरी कोर्टात त्याची किंमत शून्य, त्यातून एखादी वस्तू हस्तगत झाली तर तेवढ्यापुरती गोष्ट वेगळी. इंग्लंड-वेल्समध्ये १९८४ च्या पोलीस व पुरावा कायद्याने चौकशी रेकॉर्ड होते, वकील हजर असतो, आणि तिथलं बोलणं कोर्टात वापरता येतं. म्हणून त्यांच्या मालिकेत त्या खोलीत खटला जिंकला किंवा हरला जातो.

ती 'नो कॉमेंट, नो कॉमेंट'ची माळ आहे ना, तीही नुसती उद्धटपणाची नाही. १९९४ च्या कायद्यानंतर तिथे गप्प राहिल्याचा अर्थ न्यायालय आरोपीविरुद्ध काढू शकतं. अटक करताना पोलीस जे भरभर म्हणून दाखवतात त्यात तीच सूचना असते. त्यामुळे गप्प बसणं हा तिथे जुगार आहे.

आणि घड्याळ! आरोप न ठेवता २४ तास. गंभीर गुन्ह्यात वरिष्ठ अधिकाऱ्याने ३६ पर्यंत वाढवायचे, पुढे दंडाधिकाऱ्यांकडून जास्तीत जास्त ९६. पटकथेला तयार ताण मिळतो. आपल्याकडे २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं आणि पोलीस कोठडी मागायची. घड्याळ आहे, पण काटे रबराचे.

---

माजघर

@काळा_कोट, हे मला कधी सुचलंच नसतं. म्हणजे 'आता दया, दरवाजा तोड' हे आपल्या पुरावा कायद्याचं अपत्य आहे तर!

पण मग 'शेटलंड'मध्ये वेगळं काहीतरी असतं ना? तिथे कोणी फिस्कल बाई सारखी फोन करते.

---

काळा_कोट

बरोबर पकडलंत. स्कॉटलंडचा कायदाच निराळा. प्रोक्युरेटर फिस्कल हा सरकारी अभियोक्ता, आणि संशयास्पद मृत्यूचा तपास त्याच्या देखरेखीखाली चालतो. त्यामुळे 'शेटलंड'मधल्या तपास अधिकाऱ्याला, पेरेझला, वर बघावं लागतं, मथायसला तसं लागत नाही. वेल्सला मात्र स्वतःची वेगळी न्यायव्यवस्था नाही, इंग्लंडबरोबर एकच. भाषा वेगळी, कायदा एक.

(दयाबद्दल: दरवाजा तोडल्याने पंचनाम्याचं काय होतं, हा प्रश्न मी मनातच ठेवतो.)

---

आळूची_वडी

मी फक्त वाचते नेहमी, आज लिहिते. 'पेम्ब्रोकशर मर्डर्स' पाहिली का कोणी? २०२१ ची, तीनच भाग. सत्यघटना आहे. ऐंशीच्या दशकात वेल्सच्या किनाऱ्याजवळ आधी एका भावाबहिणीचा आणि मग एका दांपत्याचा खून झाला, वर्षानुवर्षं छडा लागला नाही, आणि २०११ मध्ये शिक्षा झाली. एका पुराव्याने अंगावर काटा आला. आरोपी १९८९ मध्ये डार्ट फेकण्याच्या एका टीव्ही स्पर्धेत आलेला होता. पोलिसांनी ती जुनी टेप शोधून काढली, कारण त्यांना तेव्हाचा त्याचा चेहरा साक्षीदाराच्या वर्णनावरून काढलेल्या चित्राशी ताडून बघायचा होता. लाखो लोकांसमोर हसत उभा होता तो.

पण बघून झाल्यावर मला अपराधी वाटलं. त्या माणसांची मुलं-नातवंडं आहेत. मी पॉपकॉर्न खात होते.

---

निशिगंधा

आळूची वडी, लिहीत जा गं. मला वाटतं ते दिग्दर्शनावर ठरतं. तिथे खून दाखवलेच नाहीत जवळजवळ, कागदपत्रं आणि कपड्याचे धागे दाखवलेत. मार्क एव्हन्सचं दिग्दर्शन. त्यानेच पुढे २०२३ मध्ये 'स्टीलटाउन मर्डर्स' केली. पोर्ट टॅलबॉटमधले १९७३ चे खून आणि जवळपास तीस वर्षांनी नातेवाइकांच्या डीएनएवरून लागलेला छडा. तीही बघ. त्यात मारल्या गेलेल्या मुलींच्या मित्रमैत्रिणी म्हाताऱ्या झालेल्या दाखवल्यात. मालिका त्यांची आहे, खुन्याची नाही.

तरी तुझं पॉपकॉर्न मला समजतं.

---

भिडू_चिंचपोकळी

वातावरण फार गंभीर झालं. मिडसमरमध्ये एका बाईचा खून चीजच्या भल्यामोठ्या चाकाखाली चिरडून झालेला आहे. एवढं नोंदवून मी रजा घेतो.

---

स्वान्सीकर

भिडू, त्या चीजवर हसू आलं. पण मिडसमर बघताना मला एक जुनी गोष्ट आठवत राहते. २०११ मध्ये मालिकेच्या निर्मात्यानेच मुलाखतीत म्हटलं की गोऱ्यांखेरीज कोणी नाही म्हणूनच ही मालिका चालते. त्यावरून त्याला निलंबित केलं. चौदा वर्षं इथल्या गावांत राहून मला असं एकही इंग्लिश किंवा वेल्श गाव भेटलं नाही जिथे निदान डॉक्टर किंवा दुकानदार आपल्याकडचा नव्हता. 'अनफरगॉटन'मध्ये संजीव भास्करचा सनी खान बघताना म्हणून बरं वाटतं. कपाटातला जुना सांगाडा बाहेर काढणारा शांत, पोक्त माणूस, आणि त्याच्या नावावरून एकही विनोद नाही.

---

माजघर

भिडू, रजा नामंजूर. तुम्ही अजून 'क्राइथ' पाहिलेली नाही. त्यात उसासे कमी आहेत, शब्द देते.

'लाइन ऑफ ड्यूटी'चं ऋण राहिलंय माझ्यावर. पाच पर्वं त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. भ्रष्ट पोलिसांच्या जाळ्यामागचा 'एच' कोण, त्यातला चौथा माणूस कोण. मे २०२१ मध्ये सहाव्या पर्वाचा शेवटचा भाग ब्रिटनमध्ये सव्वा कोटींहून जास्त लोकांनी पाहिला आणि त्यातले निम्मे दुसऱ्या दिवशी चिडलेले होते. मीही चिडले, तीन वर्षं उशिरा. आता वाटतं, कदाचित तो शेवटच प्रामाणिक होता. एवढ्या मोठ्या भ्रष्टाचारामागे कोणी महाबुद्धिमान असेल ही आपलीच हौस. पण प्रामाणिक शेवट इतक्या कंटाळवाण्या रीतीने लिहायलाच हवा होता का?

@आळूची_वडी, 'ब्रॉडचर्च'चं पहिलं पर्व बघ, तुझ्या प्रश्नाला थोडं उत्तर आहे त्यात. एक लहान मुलगा जातो, आणि आठ भाग त्या गावाला काय काय होतं तेवढंच. ऑलिव्हिया कोलमनचा शेवटच्या भागातला एक प्रसंग मी परत बघू शकलेले नाही. दुसरं पर्व मात्र सोडलंस तरी चालेल, त्यातल्या कोर्टाबद्दल काळा_कोट यांनी बोलू नये अशी विनंती.

---

काळा_कोट

विनंती मान्य. पण ते पर्व मी बायकोला थांबवून थांबवून समजावत पाहिलं. ती तेव्हापासून वेगळ्या खोलीत 'हॅपी व्हॅली' बघते.

---

भिडू_चिंचपोकळी

काल रात्री 'क्राइथ' लावली. तीन भाग झाले. उसासे मोजले, सतरा.

त्या आईबद्दल तुम्ही म्हणालात ते खरं आहे. चौथा आत्ता लावतोय, फोन करू नका कोणी.